वाचकांचे प्रश्न : भूगोलाच्या वहीचं शेवटचं पान

या महिन्यात शाळेतून आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. मुलांच्या मनाकडे शाळेत कुणी बघायचं, किती बघायचं आणि ते बघता बघता शिक्षकाचं काय होतं, हाच प्रश्न वेगवेगळ्या हस्ताक्षरांत माझ्याकडे आला आहे. मी चौदा वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. नंतर समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि सतरा वर्षं शाळाशाळांतून मुलांशी बोलण्याचं काम केलं. त्यामुळे खडूचे हातही माझेच आणि समोरच्या खुर्चीत बसून ऐकणारे कानही माझेच. पत्रं लिहिणाऱ्यांना विचारूनच ती छापते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते सातवी, पट ८७, आम्ही चार शिक्षक. सातवीत एक मुलगा आहे. त्याचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेले, हा आजीजवळ राहिला. पूर्वी खो-खोत सगळ्यांच्या पुढे असायचा, आता मैदानाच्या कडेला बसून असतो. पोषण आहाराची खिचडी अर्धी खातो, अर्धी डब्यात भरून घरी नेतो. पंधरा दिवसांपूर्वी वह्या तपासताना त्याच्या भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं दिसलं, 'मी नसतो तर आईबापाची उचल लवकर फिटली असती.' उचल म्हणजे तोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. मला घाम फुटला. मी त्याला जवळ घेतलं, कुणाला सांगणार नाही असं म्हटलं आणि माझा नंबर दिला. आता तो रोज रात्री दहा-अकराला आजीच्या फोनवरून मिस कॉल देतो. मी फोन लावते. कधी बोलतो, कधी नुसता धरून ठेवतो. माझी दोन लहान मुलं आहेत. मिस्टर म्हणतात, हे तुझं काम नाही. मी बीएलओ आहे, म्हणजे मतदार यादीचं काम माझ्याकडे आहे, यू-डायसची म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीची माहिती माझ्याकडे आहे, पोषण आहाराची रोजची नोंद माझ्याकडे आहे. पावसाळ्यात एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, त्यात 'प्रत्येक शिक्षक हा समुपदेशक' असं सांगितलं आणि शेवटी एक लिंक भरून घेतली. मला झोप येत नाही. त्याला काही झालं तर जबाबदार मी का? आणि मी नक्की करू काय?
— एक शिक्षिका, जि. बीड

उत्तर : बाई, तुमचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. असं पत्र छापून येईपर्यंत थांबवता येत नाही. आपण जे बोललो ते इथे पुन्हा लिहिते आहे, कारण अशी वही यंदा आणखी कुणाच्या तरी हातात येणार आहे.

मी तुम्हाला पहिलं विचारलं होतं, 'त्याला सरळ विचारलंत का?' तुम्ही म्हणालात, 'नाही ताई, विचारलं आणि नसलेलं त्याच्या डोक्यात शिरलं तर?' ही भीती मला जवळजवळ प्रत्येक शिक्षकाकडून ऐकायला मिळते. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. जो आधीपासून आत आहे त्याला बाहेर यायला वाट मिळते. शब्द साधे हवेत. 'वहीत लिहिलेलं मी वाचलं. मरून जावं असं तुझ्या मनात येतं का रे?' एवढंच. पुढे गप्प बसायचं. 'असं वेड्यासारखं काही करणार नाहीस ना?' असं विचारलं की मूल 'नाही' म्हणतं, कारण आपल्याला तेच ऐकायचंय हे त्याला कळलेलं असतं. तो 'हो' म्हणाला तर दुसरा प्रश्न, 'काही ठरवलंयस का?' या उत्तरावर किती घाई करायची ते ठरतं. ठरवलेलं असेल तर त्या दिवशी मूल क्षणभरही एकटं राहता कामा नये, आणि त्याच दिवशी दवाखाना.

तुम्ही दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, चिंचेखाली बसून विचारलंत. तो म्हणाला, 'रात्री येतं मनात. ठरवलं नाही काही.' आणि रडला. तुम्ही मला सांगितलंत की तुम्हीही रडलात. त्यात काही बिघडलं नाही.

आता गुपिताचं. 'कुणाला सांगणार नाही' हे वचन तुम्ही दिलंत, आणि ते मोडायला मी सांगितलं तेव्हा तुमचा आवाज बदलला. तुम्हाला तेव्हा फोनवर सांगितलं नाही ते आता सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नववीतल्या एका मुलीने मला सांगितलं होतं की घरात तिचं लग्न ठरतंय. तिने मला शपथ घातली आणि मी ती पाळली. माझ्यावर विश्वास टाकला याचा मला अभिमान वाटला होता, हे आज लिहायला जड जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचं लग्न झालं. जूनमध्ये दहावीच्या हजेरीपटावर तिचं नाव होतं, मी ते रोज पुकारत होते आणि मुली खाली बघत होत्या. मी मुख्याध्यापकांना सांगितलं असतं, त्यांनी घरी जाऊन दोन शब्द बोलले असते, तर कदाचित एक वर्ष मिळालं असतं. आज तर गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, सांगायला जागा आहे. तेव्हापासून मी कुठल्याच मुलाला गुपिताचं वचन दिलं नाही. बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगते, 'तुझं बोलणं मी वर्गात नेणार नाही, स्टाफरूममध्ये नेणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर ज्याची मदत होईल त्याला सांगीन, आणि सांगायच्या आधी तुला सांगीन.' मुलं हे समजून घेतात. वचन आधीच दिलं गेलं असेल, तर 'मी चुकीचं वचन दिलं होतं' असं मुलापाशी कबूल करायचं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर तिथे निवडीला वावच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, शिक्षकालाही.

मग आपण हात वाटून घेतले. मुख्याध्यापकांना सांगितलं. आजीला सांगितलं, त्या माउलीला नीट दिसत नाही, पण ऐकून तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे फवारणीचं औषध उचलून चुलत्याच्या घरी कुलपात ठेवायला लावलं. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. अशा काळात घरातली औषधं-गोळ्या हाताशी न ठेवणं याने जीव वाचतात, म्हणून मी हे सगळ्यांना सांगते. मुकादमाच्या फोनवरून आईला गाठलं. आई म्हणाली, 'उचल आमच्या डोक्यावर, त्याच्या डोक्यावर कशी गेली?' हे वाक्य तिने मुलाला स्वतः फोनवर ऐकवलं. माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं औषध ते होतं.

त्यानंतर १४४१६. हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. तुम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीतून मुलाला शेजारी बसवून फोन लावलात ते उत्तम केलंत, कारण पहिला फोन मूल एकटं लावत नाही. दवाखान्याच्या बाबतीत शिक्षकांना वाटतं की मानसोपचार म्हणजे पुणे-मुंबई, नाहीतर येरवडा. तसं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' चालवतात. तुमच्या मुलाला त्याचा चुलता घेऊन गेला. तुम्ही गेला नाहीत आणि तसंच ठरलं होतं, कारण तुम्ही गेला असतात तर पुढच्या तारखेलाही तुम्हीच जाणार होतात.

रात्रीच्या फोनबद्दल मी तुम्हाला कठोर बोलले, तेच पुन्हा लिहिते. रात्री अकराला झोपलेल्या पोरांच्या उशाशी बसून तुम्ही जे करत होतात ते प्रेमाने करत होतात, पण एखाद्या रात्री तुमचा फोन बंद पडला असता तर त्या पोराला काय वाटलं असतं? ज्याच्या जिवाची दोरी एकाच माणसाच्या मोबाइलला बांधलेली आहे, ते मूल सुरक्षित नाही. म्हणून वेळ ठरवली. संध्याकाळी साडेसातला तुम्हीच फोन करायचा, दहा मिनिटं. रात्री मन भरून आलं तर १४४१६, आणि शेजारच्या घरातला चुलता. हा क्रमांक त्याने त्याच भूगोलाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिला. मिस कॉल पहिले चार दिवस आले, मग थांबले.

आता तुमचा खरा प्रश्न. जबाबदार मी का? तुमची जबाबदारी आहे ती दिसलेलं न दिसल्यासारखं न करण्याची, विचारण्याची, योग्य माणसाला सांगण्याची आणि पुढे मूल वर्गात आलं की त्याला बाकीच्यांसारखंच वागवण्याची. त्याच्या आयुष्याचा शेवट काय होईल ही जबाबदारी तुमची नाही, माझी नाही, डॉक्टरचीही एकट्याची नाही. कुठल्या तारखेला काय दिसलं, कुणाला सांगितलं, हे चार ओळींत लिहून बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे ठेवा. मुलाची कथा त्यात नको. सगळ्यांच्या हाती लागणाऱ्या रजिस्टरात तर मुळीच नको.

आणि ते प्रशिक्षण. 'प्रत्येक शिक्षक हा समुपदेशक' हे वाक्य चुकीचं आहे, आणि ते मी जिथे बोलावतात तिथे उभी राहून सांगते. ते ऐकायला गौरवाचं वाटतं, पण त्याने समुपदेशक नेमायचा राहून जातो आणि पदाचं ओझं शिक्षकाच्या मानगुटीवर बसतं. समुपदेशन हे शिकून, कुणाच्या तरी देखरेखीखाली, ठरलेल्या वेळात करायचं काम आहे. मी ते करत होते तेव्हा दर पंधरा दिवसांनी एका ज्येष्ठ बाईंसमोर बसून माझं मन मोकळं करत होते; त्याशिवाय मी दोन वर्षंही टिकले नसते. तुमच्याकडे कोण आहे? शिवाय जी बाई सकाळी पाठ न केल्याबद्दल रागावते आणि शेवटी गुण देते, तिच्यापुढे मूल सगळं कसं उघडं करील?

पण शिक्षकाकडे जे आहे ते समुपदेशकाकडे कधीच नसतं. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस शाळा ठरवली आहे. २२० दिवस तुम्ही त्या पोराला बघता. तो कुठे बसायचा आणि आता कुठे बसतो, डबा कुणाबरोबर खातो, अक्षर कधी बिघडलं, हे तुम्हाला दिसतं. डॉक्टरला तो वीस मिनिटं दिसतो. खो-खोतून तो बाहेर पडला हे तुम्हाला दिसलं म्हणून तुम्ही त्याची वही शेवटच्या पानापर्यंत उलटलीत. ते बघायला डोळे मोकळे असायला हवेत, आणि माझा राग नेमका इथे आहे. याच कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला द्यायची बिगरशैक्षणिक कामं म्हणून जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच नावं आहेत. तुमचं बीएलओचं काम त्यात बसतं, म्हणून त्याला नाही म्हणता येणार नाही. पण बाकी किती लिंका, किती फोटो, किती तातडीची माहिती यातल्या कुठल्या शब्दात बसते? ज्या तासाला तुम्ही मोबाइलवर पोषण आहाराचा आकडा भरत असता, त्या तासाला मैदानाच्या कडेला बसलेलं पोर कुणाला दिसायचं? पुढच्या शिक्षण परिषदेत हे बोला. तक्रार म्हणून बोलू नका. 'ही वही मला मिळाली, ती मिळायला मला अर्धा तास मोकळा होता म्हणून मिळाली,' असं सांगा.

आणखी एक. ज्या गावातून एवढे आईबाप तोडीला जातात, तिथे हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप तोडीवर असताना मुलांना गावातच ठेवायच्या सोयीचा, विषय दसऱ्याच्या आधीच शाळा व्यवस्थापन समितीत निघायला हवा. तुमच्याकडे तो यंदा निघालाच नव्हता, असं तुम्ही म्हणालात. पुढच्या वर्षी अजेंड्यावर पहिला घ्या.

प्रश्न : आदरणीय ताई, मी एका अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक. पाचवी ते दहावी, पट ६४०. सर्वोच्च न्यायालयाने शाळेत समुपदेशक सक्तीचा केला आहे असं समजतं. संस्थेचे सचिव म्हणतात, आपल्या चित्रकलेच्या बाईंना मुलांची आवड आहे, त्यांच्या खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावा, फाइल पूर्ण होईल. बाई नाही म्हणत नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला आहे. मी काय करावं?
— मुख्याध्यापक, जि. सातारा

उत्तर : सर, पाटी लावू नका.

निकाल २५ जुलै २०२५ चा आहे. विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. वडील न्यायालयात गेले, आणि त्यातून न्यायालयाने देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे बालक-किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. हेल्पलाइनचे क्रमांक, त्यात टेलि-मानस आलंच, ठळक अक्षरांत लावायचे. 'पात्र' या शब्दात तुमच्या बाई बसत नाहीत, आणि तो त्यांचा दोष नाही.

पैशाची अडचण खरी आहे. अनुदानित शाळेत मंजूर पदाबाहेर माणूस घ्यायचा म्हणजे संस्थेच्या खिशातून, हे मला माहीत आहे. तुमच्या संस्थेच्या तालुक्यात चार शाळा आहेत असं तुम्ही लिहिलंय. सुरुवात म्हणून समाजकार्य किंवा मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेली एक व्यक्ती चौघांत मिळून नेमा, प्रत्येक शाळेला ठरलेला एक वार. ही तडजोड आहे, निर्देशाची पूर्तता नाही. सचिवांना तसंच लिहून द्या आणि स्वतंत्र नेमणुकीची मागणी चालू ठेवा. पण खोट्या पाटीपेक्षा खरा मंगळवार चांगला. मूल धीर करून त्या पाटीखाली जाईल आणि तिथे त्याला ऐकणारं शिकलेलं माणूस नसेल, तर ते पुन्हा कुठल्याच पाटीखाली जाणार नाही.

खोली कुठली द्यायची हेही बघा. मला एका शाळेत क्रीडा साहित्याची खोली मिळाली होती. लेझीम, डंबेल्स, एका कोपऱ्यात फाटलेले फुटबॉल. मला आधी वाईट वाटलं होतं. नंतर कळलं की तिच्याइतकी चांगली जागा नव्हती, कारण 'सर, बॉल आणायला जातो' असं सांगून मुलं येत होती आणि कुणाला संशय येत नव्हता. ऑफिसशेजारच्या काचेच्या खोलीत एकही मूल आलं नसतं.

चित्रकलेच्या बाईंचं काय? एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वर्ग त्याच घेतात म्हणजे शनिवारी दुपारीही मुलं त्यांच्याजवळ असतात. त्यांच्याकडे एकच काम द्या, एखाद्या मुलाचं काही वेगळं दिसलं तर समुपदेशकाला सांगणं. आणि हे काम दिल्यावर त्यांच्याकडून दुसरं एक काढून घ्या. माझा हा नियम आहे, मुख्याध्यापकांना मी तो नेहमी सांगते. शिक्षकाच्या डोक्यावर नवी पाटी चढवण्याआधी एक खाली उतरवायची.

तुमच्या पत्रात सहज येऊन गेलेलं वाक्य आहे, 'अ तुकडीत हुशार मुलं घेतो, त्यामुळे निकाल चांगला लागतो.' त्याच निकालात गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, मुलांना चारचौघांत लाजवू नये, असं सांगितलं आहे. ते मुख्यतः कोचिंग वर्गांना उद्देशून आहे, पण शक्य तिथवर इतर संस्थांनाही लागू आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली होती, त्यात ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच सांगितलं. समुपदेशक यायला वेळ लागेल. तुकड्या येत्या जूनमध्ये मोडता येतील, त्याला एक रुपया लागत नाही.

प्रश्न : आमची मुलगी नववीत आहे. तिच्या वर्गशिक्षिकेने आम्हाला बोलावून सांगितलं की गणिताच्या तासाआधी तिचे हात थरथरतात, दोनदा ती बाथरूममध्ये रडताना दिसली, एखाद्या समुपदेशकाला दाखवा. माझ्या यजमानांना फार राग आला. 'आमच्या मुलीला वेडी ठरवता का?' म्हणून त्यांनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. आता त्या बाई आमच्या मुलीशी कामापुरतंच बोलतात आणि मुलगी आमच्याशी. मला फार अपराधी वाटतं.
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, त्या बाईंनी तुमच्या मुलीला काहीही ठरवलेलं नाही. त्यांनी दिसलं ते सांगितलं. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एका मुलीचे थरथरणारे हात ज्यांना दिसले, त्यांना आज त्या दिसण्याची शिक्षा मिळाली आहे. पुढच्या वेळी दुसऱ्या मुलीचं काही दिसलं तर त्या बोलतील का, सांगा.

यजमानांचा राग मी समजू शकते. त्यामागे भीती आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. मुलीला एखाद्या रविवारी बाहेर न्या आणि विचारा, 'गणिताच्या तासाला काय होतं तुला?' तिने सांगितलं की ते यजमानांना तिच्याच शब्दांत सांगा. मग तिला दाखवा. तिथे बहुधा औषधही लागणार नाही, चार-सहा भेटींत बराच फरक पडतो. आणि तक्रार जशी लेखी दिलीत तशीच ती लेखी मागे घ्या. शक्य झालं तर दोघांनी बाईंना भेटून दोन शब्द बोला. यजमान आले नाहीत तर तुम्ही एकट्या जा, पण मुलीला कळू द्या की तुम्ही गेला होतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शिक्षणसेवक आहे, नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला. घर सहाशे किलोमीटरवर. मानधन १६,००० रुपये. मुलं भिली बोलतात, मला ती येत नाही; आता थोडी येऊ लागली आहे. सुरुवातीला फार उत्साह होता. गेले तीन महिने सकाळी उठावंसं वाटत नाही. पोरांवर ओरडतो आणि नंतर स्वतःचाच राग येतो. परवा एका लहान मुलावर हात उचलला. उगारलेला हात तसाच राहिला, मारलं नाही, पण ते पोर ज्या नजरेने माझ्याकडे बघत होतं ती जात नाही. मित्र म्हणतात, नोकरी लागली, आता काय रडतोस. मुलांसाठी सगळं आहे असं सांगतात, आमच्यासाठी काय आहे?
— एक शिक्षणसेवक

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण ते वाचल्यावर दुसरं उत्तर लिहवेना.

तो हात उगारलेलाच राहिला याचं मोल मला फार वाटतं. कायद्याने शारीरिक शिक्षा बंद आहे म्हणून तो थांबला असं मला वाटत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्या मुलाला काय म्हणालात ते पत्रात नाही. म्हणाला नसाल तर अजूनही म्हणा. सात वर्षांच्या पोरासमोर खाली बसून 'काल गुरुजींचं चुकलं' एवढं त्याच्या भिलीत सांगा. शब्द चुकले तर तो सुधारून देईल.

तीन महिने उठावंसं न वाटणं, चिडचिड, आवडीच्या कामातून रस उडणं, याला आळस म्हणत नाहीत आणि 'नोकरी लागली की जातं' असंही ते नसतं. हे उदासीनतेचं आजारपण असू शकतं, आणि ते बरं होतं. मी डॉक्टर नाही, म्हणून नाव देणार नाही, पण दाखवा असं नक्की सांगेन. मुलांसाठी वर जो क्रमांक दिला, १४४१६, तो तुमच्यासाठीही तितकाच आहे. मी पुष्कळ शिक्षकांना विचारलं, भिंतीवर क्रमांक लावलाय, स्वतः कधी फिरवला? सगळे हसतात. वर्गात रेंज मिळत नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा लावा, आधी नाव सांगायची गरज नाही. सुट्टीत घरी गेलात की तिथल्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जा. ताप आल्यावर जसे गेला असतात तसेच जा. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं.

'आमच्यासाठी काय आहे?' या तुमच्या प्रश्नाला मी खरं उत्तर देते. फार थोडं आहे. शिक्षकांना मुलांचं मन कसं ओळखावं याचं प्रशिक्षण मिळतं. शिक्षकाचं मन कसं आहे हे विचारणारं माणूस शाळांच्या केंद्रात नाही, तालुक्याच्या गटात नाही. ते असायला हवं, आणि तोवर ते तुम्हीच एकमेकांसाठी उभं करू शकता. मी काही वर्षांपूर्वी एका केंद्रात बघितलंय. सात-आठ शिक्षक महिन्याच्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर एकाच्या खोलीवर जमायचे, पिठलं-भाकरी करायचे आणि एकच नियम होता, तिथे पोर्टलचं काही बोलायचं नाही. कुणी बोलायचं, कुणी नुसतं भाकरी थापायचं. त्यातल्या एका गुरुजींनी मला सांगितलं होतं की त्या शनिवारासाठी मी महिना काढतो. तुमच्या आसपासच्या पाड्यांवरही बाहेरून आलेले शिक्षणसेवक असतील. एकाला विचारून बघा. दोघांचंही चालतं.

नोकरी सोडावी का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहून खोडलंय. खोडलेलं मला वाचता आलं. हा निर्णय आत्ता करू नका. आधी झोप परत येऊ द्या, डॉक्टरांना भेटा, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून विचार करा. तेव्हाही सोडावीशी वाटली तर मी तुम्हाला थांबवणार नाही.

पत्रावर तुम्ही फोन नंबर लिहिलेला नाही. मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मी संध्याकाळी सहानंतर मोकळी असते.